सतरा नंबरचा ठोकळा

लिहिताना कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर लोखंडाचा एक ठोकळा ठेवतो. साधारण पंचवीस मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. हा 'साधारण' शब्द साळवेंना अजिबात चालला नसता. "पाटणकर सर, लोखंडात साधारण नसतं," असं ते म्हणाले असते, आणि पुढे, "साधारण तुमच्या फळ्यावर."

या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं संपादकांचं पत्र उन्हाळ्यात आलं. मी मुळातच हळू लिहितो. त्यात आषाढात साळवे गेले आणि महिनाभर एक ओळ सुचली नाही. आता रोज सकाळी अर्धं पान लिहितो. लिहायला बसलं की साळवेच बोलू लागतात, म्हणून लिखाण दुःखी होत नाही. याला माझा इलाज नाही.

पिंपरीच्या पट्ट्यात कारखाने उभे राहत होते त्या काळात तिथल्या एका सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी शिक्षक होतो. फिटर, टर्नर, वायरमन घडवणारी ही शाळा. मी मात्र यातलं काहीच शिकवत नसे. माझ्याकडे 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' हा विषय होता. पट्टीतून तुकडे किती निघतील, गोल सळीचं वजन किती, दातेरी चाकाचे फेरे किती, असली गणितं. सकाळभर शेडमध्ये लोखंडाशी झटून आलेली मुलं दुपारी माझ्या तासाला बसायची आणि छान झोपायची. त्यांच्या हाताला तेलाचा वास आणि माझ्या हाताला खडूची पूड. माझ्याबद्दल शेडमध्ये काय बोललं जातं हे मला माहीत होतं. 'ज्याला खिळा ठोकता येत नाही तो' हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

साळवे हे फिटर शाखेचे निदेशक. देहूरोडकडच्या सरकारी कारखान्यात पंधरा वर्षं काढून इकडे आलेले. उंचीला बेताचे, आवाजाला मोठे. त्यांच्या हाताखाली एका वेळी सोळा मुलं असत. एक तुकडी म्हणजे सोळा, हा सरकारी नियम. शेडमध्ये शेगडेही सोळाच होते. शेगडा म्हणजे लोखंड घट्ट पकडून ठेवणारी टेबलावरची पकड. मुलगा आला की साळवे त्याला एक शेगडा, एक कानस आणि लोखंडाचा ओबडधोबड तुकडा देत आणि सांगत, "याचा चौकोनी ठोकळा कर. सहाही बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. पंचवीस म्हणजे पंचवीस."

बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं. मलाही वाटायचं. पण कानस हातात घेतली की ती नावेसारखी डुलते, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे पोट राहतं. पोट काढायला जावं तर बाजू कलते. तिला सरळ करावं तर समोरची बिघडते. अशी बाजूमागून बाजू सुधारता सुधारता एका मुलाचा ठोकळा सुपारीएवढा झाला होता. साळवेंनी तो चहाबरोबर बशीत ठेवून त्याला परत दिला.

तपासणीची पद्धत अशी. ठोकळ्यावर गुण्या, म्हणजे काटकोन मोजायची पट्टी, टेकवायची आणि दोन्ही खिडकीकडे धरायचे. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला तर नापास. केसाएवढा दिसला तरी नापास. "उजेड दिसतोय," एवढंच साळवे म्हणायचे आणि ठोकळा परत द्यायचे. उजेड दिसला नाही तर काही न बोलता खणातून आकड्यांचे पंच काढायचे आणि हातोडीने त्या मुलाचा नंबर ठोकळ्यावर उठवायचे. एक ते सोळा यांपैकी जो असेल तो. पहिल्यांदा नंबर उठला की मुलं तो ठोकळा घरी नेऊन आईला दाखवत.

एका बहाद्दराने मागच्या तुकडीतल्या मित्राचा ठोकळा आणला, त्यावरचा नंबर कानशीने घासून काढला आणि आपला म्हणून पुढे केला. साळवेंनी उजेड बघितलाच नाही. बोटांच्या चिमटीत ठोकळा धरून म्हणाले, "भावा, हा एका बाजूने बारीक का झाला? ताप आला होता का याला?" ज्या बाजूचा नंबर घासला होता ती बाजू अर्थातच पंचवीसला भरत नव्हती.

त्याच काळातली रघुनाथची गोष्ट. रघुनाथ निघोज्याचा. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि निघोजे म्हणजे शेतं. तिथे पुढे कारखाने येतील असं कोणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. रघुनाथचा पिढीजात धंदा लोहारकीचा. पण लोक तयार फाळ पुण्याहून आणू लागले आणि भात्यासमोर बसायचं कारण उरलं नाही. ऐरण चुलतभावाला देऊन, वयाची अट संपायला थोडे महिने उरले असताना, तो आमच्याकडे दाखल झाला. लग्न झालेलं, एक मुलगी. रोज मोशीवरून सायकलने यायचा. तुकडीतली पोरं त्याला 'काका' म्हणायची.

त्याच्या खिशात एक कार्ड असायचं. प्रवेशाआधी तो नोकरीसाठी नाव नोंदवायला सरकारी रोजगार केंद्रात गेला होता. तिथे प्रत्येकाचं कार्ड करत आणि त्यावर व्यवसाय लिहीत. कारखान्यांनी माणसं मागितली की त्या कार्डांवरून नावं जात. कारकुनाने विचारलं, प्रमाणपत्र आहे का? नाही. मग कार्डावर लिहिलं : 'अकुशल'.

ते कार्ड रघुनाथने मला एकदा दाखवलं. "सर, माज्या आज्यानं केलेली कुऱ्हाड अजून चालतीया. आन् मी अकुशल हाय."

तो रागाने बोलला नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

शेडमध्ये त्याला तोड नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ठोकळ्यावर नंबर उठला, अकरा. पिंपरीच्या एका कंपनीचा फोरमन एकदा मुलं बघायला आला होता. त्याने रघुनाथचा हात चालताना पाच मिनिटं बघितला आणि साळवेंना म्हणाला, "हा मला द्या. पण साहेब कागद मागतात. सर्टिफिकेट आणा, जागा धरून ठेवतो."

कागद मिळायचा तर सगळ्या विषयांत पास व्हायला हवं. आणि माझ्या विषयाच्या सहामाहीत मी रघुनाथला शून्य दिलं होतं. दहा गणितं, सगळी लांबीची, दहाही चूक.

साळवे ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्या खोलीत आले. मी काहीतरी वाचत होतो. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून मिटलं, खूण म्हणून खडूचा तुकडा आत ठेवला आणि म्हणाले, "सर, हे काय?"

"शून्य आहे."

"ते दिसतंय. अंतिम परीक्षेत हे असंच आलं तर हा माणूस जन्मभर अकुशल राहील. माझा सगळ्यात चांगला फिटर."

"मी काय करू साळवे? त्याला अपूर्णांक समजतच नाहीत. सांगून दमलो."

"कधी त्याच्या जागी उभे राहिलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे जे येत नाही ते रोज सगळ्यांसमोर करायचं. उद्या तास संपला की शेडमध्ये या. तुम्हाला शेगडा देतो. रघुनाथ तुम्हाला कानस शिकवेल, तुम्ही त्याला गणित शिकवा. बघू कोण आधी पास होतं."

शेगडे सोळाच होते. माझ्यासाठी त्यांनी भंगारातला एक जुना शेगडा दुरुस्त करून कोपऱ्यात बसवला.

पहिले आठ दिवस मी आयुष्यात कधी झालो नव्हतो एवढा मठ्ठ झालो. तळहाताला फोड आले. पोरं घरी जायच्या नावाखाली दारात रेंगाळत आणि कॅल्क्युलेशनच्या मास्तरला लोखंड कसं हरवतं ते बघत. साळवे जाता-येता थांबायचे. "सर, ठोकळा करताय की लाडू वळताय?" रघुनाथ मात्र हसायचा नाही. माझ्या मागे उभा राहून कोपराला हात लावायचा. "सर, खांद्यानं ढकला. मनगटानं न्हाई. तुमी घाई करताय. लोखंडाला कळतंय घाई केल्याली."

आणि मी मधेच त्याला विचारायचो, साडेचार भागिले तीन? तो कानशीतला कीस झाडत बसायचा. मग मी चिडायचो आणि माझी कानस डुलायची.

एका संध्याकाळी मी घाम पुसत विचारलं, "अजून किती घासायचंय रे?"

त्याने ठोकळा चिमटीत धरला, डोळे किलकिले केले. "अर्धा सूत. न्हाई, पाव सूत आन् वर एक केस."

मी पट्टी लावली. त्याचं बरोबर होतं.

सूत हे आपल्याकडचं सुतार-लोहारांचं जुनं माप. एका इंचाचे आठ सूत. दशमान पद्धत आली, मिलिमीटर आले, पण गावातल्या कारागिराच्या बोटांत सूतच राहिलं. पाव सूत, अर्धा सूत, पाऊण सूत. मी कानस खाली ठेवली. ज्याला अपूर्णांक येत नाहीत म्हणून मी शून्य दिलं, तो दिवसभर तोंडाने अपूर्णांकच बोलत होता.

"रघुनाथ, तू माझी गणितं करताना मनात काय करतोस?"

तो ओशाळला. "सुतात करतो सर. आन् मग तुमच्या भाषेत लिवतो."

त्या रात्री घरी सहामाहीची ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली. माझं उत्तर शंभर मिलिमीटर, त्याचं शहाण्णव. माझं पंचाहत्तर, त्याचं बहात्तर. माझं पन्नास, त्याचं अठ्ठेचाळीस. दहाही उत्तरं एकाच मापाने कमी. शंभराला बरोबर चार. इतकी शिस्तीत चुकलेली उत्तरपत्रिका मी तोवर पाहिली नव्हती. मी वर्गात सांगितलं होतं, इंच म्हणजे साधारण पंचवीस मिलिमीटर. पंचवीसला आठ सूत धरून तो सुतात जायचा, सगळं गणित बिनचूक करायचा आणि परत येताना दर सुताला तीन मिलिमीटर मोजायचा, कारण गावात त्याला कोणीतरी तसंच सांगितलं होतं. आठ त्रिक चोवीस. जायचा एका दाराने, यायचा दुसऱ्या दाराने आणि दर इंचाला एक मिलिमीटर वाटेत सांडायचा. आणि तो 'साधारण' माझाच होता.

शेडमध्ये हे कधी उघडं पडलं नाही, कारण तिथे पट्टी हातात असे. हिशेबाची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साळवेंना सांगितलं तेव्हा ते आधी मोठ्याने हसले, मग म्हणाले, "याच्या आधी असे किती गेले असतील हो?"

तो प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे. आदल्या वर्षी सांगवीच्या एका सुताराच्या मुलाला मी असंच शून्य दिलं होतं. दोन आठवड्यांनी तो यायचा बंद झाला. त्याच्या उत्तरपत्रिका शोधायला मी कपाट उघडलं, तर त्या रद्दीत गेल्या होत्या. त्याचीही उत्तरं शंभराला चार कमी होती का, हे मला कधीच कळणार नाही. नोकरीत चुका बऱ्याच केल्या. ही एकच अशी, की चूक होती का हेही तपासता येत नाही.

पुढचे दोन महिने मजेचे गेले. मी कानस चालवायचो आणि रघुनाथ बाजूला उभा राहून गणितं सोडवायचा. अपूर्णांक त्याला सुतातच करू दिले. ते त्याला माझ्यापेक्षा लवकर येत. फक्त एक नियम घातला. मिलिमीटरची मापं सुतात न्यायची नाहीत आणि चुकून नेली तर ज्या दाराने गेलास त्याच दाराने परत यायचं. हे दाराचं प्रकरण पोरांना फार आवडलं. रघुनाथ गणिताला अडला की मागून कोणीतरी ओरडायचं, "काका, दार! दार!"

माझा ठोकळाही हळूहळू चौकोनी दिसू लागला. दर शनिवारी मी तो साळवेंकडे न्यायचो. ते गुण्या लावून खिडकीकडे धरायचे.

"उजेड दिसतोय."

"किती?"

"पुस्तक वाचता येईल एवढा."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरचे होते. आम्हाला आत मनाई. मी आणि साळवे बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे. साळवेंनी तीन वेळा चहा मागवला आणि एकदाही प्यायला नाही. जागा धरून ठेवलेल्या फोरमनचा आदल्याच दिवशी निरोप आला होता, निकालानंतर आठ दिवस थांबेन, पुढे नाही.

घंटा झाली. रघुनाथ शेवटी बाहेर आला. सदऱ्याची बाही शाईने माखलेली.

"कसं गेलं?" मी विचारलं.

"सर, एका गणितात सुतात गेलो."

साळवेंनी कपाळाला हात लावला. "का गेलास बाबा? कशाला गेलास?"

"हात आपोआप गेला मास्तर. पन आलो परत."

"कुठल्या दाराने?" मी.

"गेलो त्याच." मग थोडं थांबून, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर आम्ही दोघांनी दीड महिना काढला. साळवे रोज सकाळी मला विचारायचे, "बहुतेक म्हणजे किती हो, तुमच्या गणितात?"

निकालाची यादी आली तेव्हा मी वर्गात होतो. शेडकडून पोरांचा ओरडा ऐकू आला आणि मी तास टाकून पळालो. नोकरीत एवढा एकदाच पळालो. फळ्यावर यादी लावली होती. अकरा नंबर, फिटर कामात तुकडीत पहिला. कॅल्क्युलेशनला पास व्हायला चाळीस लागत. त्याला बेचाळीस होते.

रघुनाथ यादीसमोर उभा होता. मग खिशातून ते कार्ड काढलं, उलटसुलट पाहिलं आणि साळवेंना म्हणाला, "मास्तर, आज केंद्रात जाऊ का? आजच बदलून देत्याल?"

"जा की! सायकल काढ. आणि त्या कारकुनाला म्हणावं, नीट अक्षरात लिही."

तो गेला. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. साळवेंनी माझ्यापुढे हात केला.

"ठोकळा आणा."

"आज शनिवार नाही."

"आणा हो."

मी कोपऱ्यातल्या शेगड्यावरून ठोकळा आणून दिला. त्यांनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघितलं. मलाही दिसत होता. एका कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ. मी परत घ्यायला हात पुढे केला. पण साळवे खणाकडे गेले, दोन पंच काढले आणि ठोकळा ऐरणीवर ठेवला. एकाचा एक ठोका. साताचा एक ठोका.

"सतरा?" मी म्हणालो. "तुकडी सोळाची असते साळवे."

"सरकारची सोळाची असते."

"आणि उजेड दिसतोय त्यातून."

"दिसतोय ना. रघुनाथला तुमच्या विषयात किती? बेचाळीस. काठावर ना? मग तुम्ही माझ्या विषयात काठावर पास. हिशेब बरोबर झाला. जा, तास सोडून आलाय."

रघुनाथ संध्याकाळी परतला. कार्डावर 'अकुशल' हा शब्द लाल रेघेने खोडला होता आणि वर लिहिलं होतं : 'फिटर'. कारकुनाचं अक्षर काही नीट नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तो कंपनीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. माझ्या तासाला त्यानंतरही मुलं झोपायची. पण दरवर्षी पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारायचो, घरी माप कशात मोजता? कोणी सूत म्हणायचं, कोणी वीत, कोणी बोट. मग तिथून सुरुवात करायचो. शून्य देणं मी सोडलं नाही, पण त्याआधी उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा वाचायची सवय लागली.

साळवेंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, पिंपरीत त्यांच्या घरी गेलो होतो. वंदना झाली, लोक बोलले. त्यांनी घडवलेले इतके फिटर तिथे होते, की मांडवाचा खांब हलतोय म्हटल्यावर आठ-दहा जण एकदम उठले. रघुनाथही आला होता, नातवाला घेऊन. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो.

मग त्याने विचारलं, "सर, ठोकळा हाय का अजून?"

"आहे. टेबलावर असतो."

"गंजला असंल."

"थोडा."

"असं करू नका सर. मास्तरांचा नंबर हाय त्याच्यावर. आठवड्याला तेलाचा हात फिरवत जावा."

तेव्हापासून दर शनिवारी मी ठोकळ्याला तेल लावतो. त्यामुळे एक दिलगिरी व्यक्त करायची आहे. संपादकांना पाठवलेल्या या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तेलाचा एक चौकोनी डाग पडला आहे. चौकोन चारही बाजूंनी सरळ नाही, हे मला माहीत आहे.